शिवणीतली माया

पेटीच्या तळाशी एखादा रेशमी तुकडा घडी करून ठेविलेला नाही, असे घर आमच्या वाचकांत क्वचितच सापडेल. पैठणीच्या किंवा शालूच्या टोकाशी विणून आलेला, नीट कापून मलमलीत गुंडाळलेला, आणि वर्षानुवर्षे तसाच पडून राहिलेला. लग्नकार्य आले की तो बाहेर निघतो, चार जणींच्या हातांतून फिरतो, ‘ह्याचे पोलके शिवायला हवे’ असे सर्वानुमते ठरते, आणि कार्य उरकल्यावर तो पुन्हा पेटीत जातो. कारण पुसाल तर एकच: कात्री लावण्याची भीती. सुती पोलके बिघडले तर मीटरभर कापड वाया गेले, इतकेच. रेशीम बिघडले तर सासूबाईंची पैठणी जन्माची जोडीवाचून राहिली, आणि जिने कात्री चालविली तिचे नाव त्या पैठणीला कायमचे चिकटले.

ही भीती अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. रेशीम हे कापडच असे आहे की ते चूक विसरत नाही. सुती कापडावरची टीप उसवली, कापड धुतले, इस्त्री फिरविली की सुईची भोके बहुधा बुजून जातात. घट्ट विणीच्या रेशमात पडलेले भोक मात्र दिसतच राहते. ह्याचे कारण तंतूच्या जातीत आहे. कापसाचा तंतू आखूड. अशा असंख्य तंतूंना पीळ देऊन धागा होतो, म्हणून त्याच्या अंगी थोडा खरखरीतपणा आणि पकड असते. रेशमाचा किडा आपला कोश एकाच अखंड तंतूने गुंडाळतो, आणि तो तंतू कित्येकशे मीटर लांब व गुळगुळीत असतो. म्हणून रेशमी पोलके तंग झाले की कापड फाटण्यापूर्वीच शिवणीजवळचे धागे बाजूला सरकतात, आणि पाठीवर किंवा मुंढ्यापाशी टिपेच्या कडेने जाळी दिसू लागते. ही जाळी एकदा पडली की मिटत नाही. मुंबईच्या दमट हवेत आणखी एक शत्रू आहे, तो घाम. घामाने रेशीम कमजोर होते व त्याचा रंगही बिघडतो. काखेतले कापड सर्वांआधी जाते ते ह्याच कारणाने.

तेव्हा रेशमी पोलके घरी शिवावयाचे, तर चुकीला आधी जागा नेमून द्यावी लागते. चूक होणारच नाही असे शिवणकाम कोणाच्याही हातून होत नाही. ती रेशमावर न होता दुसरीकडे कोठे होईल, एवढेच आपल्या हाती असते. अशा जागा दोन. पहिली जागा म्हणजे साधे सुती कापड, ज्यावर आधी संपूर्ण पोलके शिवून पाहावे. दुसरी जागा म्हणजे शिवणीतली माया.

‘माया’ हा शब्द आमच्या वाचक भगिनींना नवा नाही. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून राखतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. वेदान्तातली माया दिसते पण नसते. शिंप्याची माया असते पण दिसत नाही. दोन्हींतला हा भेद ज्याच्या ध्यानी आला, त्याला पोलके शिवण्याचे अर्धे शास्त्र कळले असे आम्ही समजतो.

आपल्याकडे ही विद्या फार जुनी. वात्स्यायनाने चौसष्ट कला सांगितल्या, त्यांत सुईचे काम आहे. अमरकोशात शिंप्याला तुन्नवाय आणि सौचिक ही नावे दिली आहेत, आणि चोल व कूर्पासक हे शब्दही तेथे आढळतात. आपली चोळी ह्या चोलाचीच लेक होय. संत नामदेवांच्या घरचा व्यवसाय शिंप्याचा होता, हे तर लहान मुलालाही ठाऊक आहे. मग एवढी जुनी विद्या हाताशी असताना पोलके अंगाला नीट न बसण्याची तक्रार आपल्या आजीपणजीच्या तोंडी फारशी का ऐकू येत नसे?

ह्याचे उत्तर चोळीच्या गाठीत आहे. जुनी महाराष्ट्रीय चोळी खणाची. गुळेदगुड्डचा खण प्रसिद्ध. अजूनही ओटी भरताना आपण खणच देतो. ह्या चोळीला पुढे गुंड्या नसत. दोन टोके ओढून गाठ मारली की काम झाले. अंग चार बोटे भरले तर गाठ थोडी पुढे, उतरले तर थोडी आत. बाळंतपणापूर्वी आणि नंतर तीच चोळी चाले. म्हणजे त्या चोळीची सगळी माया गाठीत होती, आणि ती रोज सकाळी नव्याने वापरता येई. बटण आले, हुक आला, आणि माप एका जागी खिळले. पोलके बसते की बसत नाही हा प्रश्न तेव्हापासून उभा राहिला.

हा बदल घडण्यात आमच्या मुंबईचा वाटा मोठा आहे. सत्येंद्रनाथ ठाकूर हे सनदी नोकरीत शिरलेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६४ च्या सुमारास मुंबईस आल्या. येथील पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची तऱ्हा पाहून त्यांनी ती उचलली, आपल्या सोयीने बदलली, आणि आत शिवलेले पोलके घालण्याच्या रिवाजासह बंगाल्यात नेली. पुढे तीच तऱ्हा थोड्याफार फरकाने हिंदुस्थानभर पसरली. शिवणाचे यंत्रही ह्याच काळात घरोघर येऊ लागले. सिंगर ह्याने अमेरिकेत आपल्या यंत्राचे पेटंट १८५१ साली घेतले होते. यंत्रांविषयी एरवी कठोर असलेल्या महात्माजींनीही १९२४ साली ह्या एका यंत्राची गणना मोजक्या उपयुक्त वस्तूंत केली. गावदेवीस १९०८ साली स्थापन झालेल्या सेवासदनाने स्त्रियांना जे उद्योग शिकविले, त्यांत शिवणकाम होते. पुढे ‘झारापकर सिस्टिम ऑफ कटिंग’ ह्यासारख्या पुस्तकांनी बेतण्याच्या विद्येला आकड्यांचे व आकृत्यांचे रूप दिले. गिरगावातल्या चाळीच्या खिडकीशी असो की दादरच्या ब्लॉकमध्ये असो, शिवणयंत्र हे घरातले एक माणूसच होऊन बसले. यंत्र आले, पुस्तक आले. भीती मात्र राहिली. म्हणून आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू.

प्रथम पाटी, मग कागद. शाळेत आम्ही मुलांना गणित आधी पाटीवर करावयास लावीत असू, कारण पाटी पुसता येते. पोलक्याची पाटी म्हणजे मांजरपाट. लालबाग-परळच्या गिरण्यांतून असे कापड एके काळी गाठीच्या गाठी निघे. १९८२ च्या संपानंतर तेथील बहुतेक गिरण्या थंडावल्या, तरी मांजरपाट काही बाजारातून गेलेला नाही. तो नसेल तर जुनी सुती चादर चालेल. ताणले जाणारे विणीचे कापड मात्र घेऊ नये. ते सर्व दोष झाकते, आणि पाटीवर दोष दिसावयास हवा असतो. ह्या कापडाचे पोलके लांब टाक्यांनी शिवावे, अंगावर चढवावे, खडूने खुणा कराव्या, उसवावे, पुन्हा शिवावे. समाधान झाल्यावर तेच उसवून, सपाट करून, त्याचा कित्ता रेशमावर ठेवावा.

माप घेताना दोन गोष्टी पाळाव्या. पोलक्याच्या आत जे वस्त्र रोज घातले जाते ते अंगावर असावे, आणि माप देणारीने श्वास रोखून ताठ उभे राहू नये. फोटो काढताना जशी आपण उभी राहतो तशी आपण घरात वावरत नाही. छातीचा घेर, कंबर, खांदा, पाठीची रुंदी, मुंढा, दंडाचा घेर, बाहीची लांबी, पोलक्याची उंची ही मापे घेऊन वहीत तारखेसह लिहावी. दोन्ही खांदे वेगवेगळे मोजावे. बहुतेकांचा एक खांदा किंचित खाली असतो, आणि हे ज्याचे त्याला ठाऊक नसते.

आता रेशमाकडे. साडीबरोबर येणारा तुकडा साधारण ८० सेंटिमीटर ते १ मीटर असतो आणि पन्हा साडीचा. दुहेरी घडीवर बेतण्याचा मोह टाळावा. रेशीम घसरते आणि खालचा पदर वाकडा कापला जातो. एकेरी पसरून प्रत्येक भाग वेगळा बेतावा. बुट्ट्यांची किंवा मोरांची डोकी कोणत्या बाजूस आहेत ते आधी पाहावे. पाठीवरचे मोर उलटे चालताना दिसले तर ते दुरुस्त करण्यास उपाय नाही. बाहीचा काठ ही तर खास जपण्याची जागा. काठ बाहीच्या टोकाशी आणला की तेथे दुमड नाही आणि मायाही नाही. म्हणजे बाहीची लांबी काठापासून वर मोजावयाची, आणि कमीजास्त करावयाचे ते खांद्याकडच्या गोलाईत. हे विसरल्यामुळे सुंदर काठाच्या बाह्या आखूड झालेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

अस्तर सुती असावे, रुबियाचे चांगले. दादरच्या हिंदमाता बाजाराजवळ किंवा मंगळदास मार्केटात रंग जुळवून ते मिळते. परंतु शिवण्यापूर्वी ते पाण्यातून काढून वाळवून घ्यावे. न धुतलेले अस्तर पहिल्या धुण्यात आटते, रेशीम बहुधा तेवढे आटत नाही, आणि मग सगळ्या पोलक्यावर सुरकुत्या येतात. हा दोष मापाचा नसून आळसाचा होय. अस्तर थोडे तंग आणि रेशीम त्यावर नुसते विसावलेले असे जोडावे, म्हणजे ताण सुताने सोसावा आणि रेशमाने फक्त शोभावे. वर जाळीचा जो दोष सांगितला, त्याला हाच खरा उतारा आहे.

यंत्रातली जाड सुई काढून ९ किंवा ११ नंबरची नवी सुई घालावी. बोथट सुई रेशमाचा धागा ओढते आणि कापडावर आडवी रेघ उमटते. टाचण्या फक्त मायेत टोचाव्या. मेणाच्या खडूची खूण इस्त्रीखाली डाग होऊन बसते, म्हणून साधा खडू, आणि तोही आधी कातरणावर पारखलेला. पाणी शिंपडून इस्त्री करू नये. पाण्याचा डागही कित्येक रेशमांवर राहतो. मंद इस्त्री, मध्ये सुती फडके, आणि जर असेल तेथे विशेष जपून.

माया किती ठेवावी? बाजूच्या शिवणीत दीड इंच, बाहीच्या शिवणीत एक इंच, खांद्यावर पाऊण इंच. गळ्याला मात्र माया न ठेवता उलट युक्ती करावी: गळा आधी ठरविल्यापेक्षा लहान कापावा आणि सर्व शिवून अंगावर घातल्यावर शेवटी मोठा करावा. मोठा कापलेला गळा कोणी लहान करू शकत नाही.

पहिली शिवण रेशमावरही यंत्राची नसावी. हाताने धावदोरा घालून, शिवणीच्या रेघेपासून किंचित मायेच्या बाजूला, पोलके उभे करावे आणि अंगावर घालून पाहावे. येथून खरी परीक्षा सुरू होते. चांगल्या शिक्षकाला चुकलेले उत्तर पाहून मूल कोणत्या पायरीवर घसरले हे समजते. पोलक्यावरच्या वळ्याही अशाच वाचावयाच्या असतात. नियम एकच ध्यानात ठेवावा: ताणलेली वळी सांगते की येथे कापड अपुरे आहे, सैल, लोंबती घडी सांगते की येथे कापड जास्त आहे.

छातीवर आडव्या ताणलेल्या वळ्या पडल्या आणि दोन हुकांच्या मध्ये फट दिसू लागली, तर हुकपट्टी सरकवू नये. पट्टी सरकविली की मधली रेघ हलते, गळा वाकडा होतो. दोन्ही बाजूंच्या शिवणी सारख्या प्रमाणात सोडाव्या. अर्धा इंच कमी पडत असेल तर प्रत्येक बाजूस पाव इंच वाढले की पुरते, आणि तेवढ्याचसाठी ती माया ठेविलेली असते.

गळ्यापासून काखेकडे तिरप्या सैल घड्या उतरत असतील तर खांदे उतरते आहेत. खांद्याची शिवण बाहीच्या टोकाशी थोडी आत घ्यावी आणि गळ्याकडे येताना शून्यावर आणावी. ह्यामुळे मुंढा वर चढतो. जेवढा चढला तेवढाच तो खालून उतरवावा. एकच खांदा खाली असेल तर एकाच बाजूस हे करावे, आणि त्यात कमीपणा मानू नये.

मुंढ्याची चूक सर्वांत फसवी. बाही काचते अशी तक्रार आली की पहिला विचार येतो तो मुंढा खाली कापण्याचा. हे औषध रोगाहून वाईट. मुंढा खाली गेला की हात वर करताना सगळे पोलके वर ओढले जाते, आणि फडताळावरचा डबा काढणेही कठीण होते. मुंढा काखेजवळ असला तरच हात मोकळा चालतो. काचत असेल तर आधी बाहीची शिवण दंडाशी सोडून पाहावी. मग मुंढ्याच्या गोलाईत मायेला आतून लहान काप द्यावे, टिपेपर्यंत न पोहोचणारे. बहुतेक वेळा एवढ्यानेच काम भागते.

बाही पिळल्यासारखी दिसते, कापडातले उभे धागे तिरके जातात, असे झाले तर ती बहुधा उलट बाजूची बसली आहे. बाहीची गोलाई पुढच्या बाजूस अधिक खोल असते; बेततानाच पुढच्या बाजूस एक दोऱ्याची खूण घालावी म्हणजे हा घोटाळा होत नाही. पाठीचा गळा उघडा पडून पोलके खांद्यावरून घसरत असेल, तर खांद्याची शिवण गळ्याच्या टोकाशी आत घ्यावी. आणि पुढचे टक छातीच्या उंचवट्याच्या इंचभर अलीकडे संपवावे. तो थेट उंचवट्यावर नेला तर तेथे टोक उभे राहते आणि कितीही इस्त्री केली तरी बसत नाही.

हे सर्व नीट झाल्यावर अंगावर पोलके असताना दोन्ही हात वर करावे, खाली वाकावे, पाटावर बसावे, पोळी लाटल्यासारखे हात पुढे चालवावे. आरशापुढे स्थिर उभ्या असलेल्या बाईला बसणारे पोलके म्हणजे अर्धेच बसलेले पोलके. मंगळागौरीला ते घालून झिम्मा खेळता आला पाहिजे.

आता ज्यांच्या घरी रेशमी पोलके आधीच बिघडलेले पडून आहे, त्यांनीही निराश होऊ नये. माया शिल्लक असेल तर शिवणी सोडाव्या. जुन्या टिपेची भोके ओलसर फडक्यावरून हलकी इस्त्री करून आणि नखाने उभे-आडवे घासून थोडीफार मिटतात. पाण्याने डाग पडतो की काय हे मात्र आधी कातरणावर पाहावे. माया नसेल तर काखेत चौबगला घालावा. आपल्या आजीपणजीच्या कपड्यांत काखेखाली चौकोनी तुकडा असे तो हाच. हाताला मोकळीक देण्याची ती फार शहाणी योजना होती आणि उभे राहिले असता तो दिसतही नाही. बाजूस पट्टी जोडावयाची असल्यास ती काठातून काढावी आणि दोन्ही बाजूंस सारखी लावावी. एका बाजूस लावलेली पट्टी ठिगळ दिसते, दोन्हीकडे लावलेली नक्षी दिसते. गळा मोठा झाला असेल तर उरेब पट्टीचा गोट लावून तो थोडा आत घेता येतो. काहीच जमले नाही तर त्यातून घरातल्या लहान मुलीचे पोलके निघते. ती ते पुढे कित्येक वर्षे आठवणीत ठेवील.

कापडाविषयी एवढे सांगून झाल्यावर माणसांविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. पोलके बसले नाही की घरातून पहिला उद्गार निघतो तो असा: ‘तुझे अंगच बेढब.’ हा उद्गार तर्कशास्त्राला धरून नाही. अंग आधी आणि पोलके नंतर. नंतर आलेल्याने आधी असलेल्याशी जुळवून घ्यावयाचे असते. मुलगी तेरा-चौदा वर्षांची असताना तिचे माप दर सहा महिन्यांनी बदलते, बाळंतीणीचे बदलते, साठीनंतर पाठीला थोडा बाक येतो, आणि मग पुढची उंची कमी व पाठीची उंची जास्त लागते. हे सर्व स्वाभाविक आहे. वहीत लिहिलेले माप म्हणजे त्या दिवसाची नोंद. तो कोणाच्या रूपावरचा शेरा नव्हे. जी मुलगी माप देताना अंग चोरते, तिचे माप खोटे येते, आणि मग पोलके खरोखरच बसत नाही.

दुसरी गोष्ट कात्री चालविणारीची. एकत्र कुटुंबात सूनबाईंच्या हातून सासूबाईंचे रेशीम बिघडले, तर त्या दिवशी जे बोलले जाते त्याचा हिशेब मागाहून करून पाहावा. कापडाची किंमत फार तर काही हजार रुपये. परंतु त्या बोलण्याने ती पुन्हा कात्रीला हात लावीत नाही, तिच्याकडून तिच्या मुलीला ती विद्या मिळत नाही, आणि पुढच्या पिढीत पेटीतला तुकडा पेटीतच राहतो. आमच्या परिचयाच्या एका घरी ह्यावर चांगली रीत आहे. रेशीम बेतण्याच्या दिवशी सासूबाई स्वतः जवळ बसतात, पहिली खूण त्या करतात आणि पहिला काप सूनबाई घेतात. म्हणजे यश आले तर दोघींचे, आणि चूक झाली तर तीही दोघींची. त्या घरी आजवर रेशीम बिघडले नाही असे नाही. पण पेटीत नुसते पडून राहिलेलेही काही नाही.

शिंप्याकडे टाकणे हा कमीपणा आहे, असाही आमच्या म्हणण्याचा अर्थ कोणी करू नये. गिरगावच्या आणि दादरच्या गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या उत्तम हात असलेले कारागीर बसले आहेत, आणि लग्नाच्या शालूचे पोलके त्यांच्याकडे दिले तर त्यात शहाणपणच आहे. मात्र घरी एकदा मांजरपाटावर शिवून पाहिलेली बाई शिंप्यापुढेही नेमके बोलू शकते. ‘कसेतरीच होते हो’ असे न म्हणता ‘उजव्या खांद्याला पाव इंच आत घ्या आणि बाजूला दीड इंच माया ठेवा’ असे ती सांगते. कारागीरही अशा गिऱ्हाइकाचे काम मन लावून करतो.

शेवटी काही किरकोळ सूचना. पोलके पुरे झाल्यावर मांजरपाटाचा कित्ता टाकू नये. त्यावर नाव, तारीख आणि केलेल्या दुरुस्त्या पेन्सिलीने लिहून तो घडी करून ठेवावा. पुढच्या वेळी निम्मे काम झालेलेच असेल. रेशमाची कातरणे एका लहान पिशवीत त्याच कित्त्याबरोबर ठेवावी. चौबगल्याला, गोटाला किंवा इस्त्री पारखावयाला हीच उपयोगी पडतात, आणि तसाच रंग पुन्हा बाजारात मिळेल ह्याचा भरवसा नसतो. पोलके घालून आल्यावर लगेच घडी न करता सावलीत वाऱ्यावर टांगावे, घाम पुरता वाळू द्यावा, आणि मगच मलमलीत गुंडाळून ठेवावे. शिवणीतली माया कापून शिवण सुबक करण्याचा मोह कित्येकींना होतो, तो आवरावा. आज तिचा उपयोग नसेल. पाच वर्षांनी, किंवा ते पोलके लेकीच्या अंगावर जाईल तेव्हा, तोच दीड इंच कामास येईल.